भरलेला धोटा

आजार घरात शिरू द्यायचा नाही, असं देवरावानं ठरवलं होतं, आणि घरापुरतं त्यानं ते पाळलंही. सरकारी छातीच्या दवाखान्यात फोटो काढून डॉक्टरांनी टीबी सांगितला, त्या दिवसापासून त्याची थाळी वेगळी झाली, पाण्याचा गडवा वेगळा झाला, वाकळ वेगळी झाली. इंदोऱ्यातल्या घरासमोर निंबाखाली त्यानं खाट टाकली आणि तिथंच राहू लागला. थुंकायला राखेचा डबा ठेवला. मागच्या गल्लीत दिलेली लेक, चारुशीला, पोराला घेऊन आली की तो लांबूनच हात हलवी. पोरगं कडेवरून त्याच्याकडे झेप घ्यायचं. मग तो तोंड फिरवून निंबाच्या काड्या वेचत बसे.

बायकोला, कौशल्येला, हे पाहवत नसे.

"लोकायनं आपल्याले दूर बसवलं ते संपलं म्हणत होते ना जी तुम्ही?" ती एकदा भाकर वाढता वाढता म्हणाली. भाकर कसली, रेशनच्या लाल मिलो ज्वारीची. तव्यावरच तिचे तुकडे पडत. "आता स्वतःच जाऊन बसले."

"लोकायनं बसवलं तं लढता येते," देवराव म्हणाला. "रोगानं बसवलं तं बसाच लागते."

गिरणीत मात्र त्यानं कुणाला काही सांगितलं नव्हतं. विम्याच्या दवाखान्यात गेला असता तर औषध मिळालं असतं, रजाही मिळाली असती. पण तिथली चिठ्ठी गिरणीत जाते. आणि त्या वर्षी गिरणीची हवा फार वाईट होती. गोदामात कापड पडून होतं, गिऱ्हाईक नव्हतं. माणसं कमी करणार, अशी बोलवा रोज उठे. आजाऱ्याला काढता येत नाही असा कायदा होता म्हणे. पण ज्यांना काढलं त्यांनाही कायदा माहीत होताच. देवरावाच्या पगारावर त्याचं घर होतं, आणि लेकीचं अर्धं. जावई कवडू अजून बदलीवर होता, म्हणजे कायम माणूस नसेल त्या दिवशी काम, नाहीतर गेटवरूनच परत. सासऱ्याच्या शब्दावर जॉबरनं, म्हणजे मागखात्याच्या मुकादमानं, त्याला देवरावाच्याच मागावर दुसऱ्या पाळीला उभं केलं होतं. सासरा गेला, तर त्याचा शब्दही गेला असता. म्हणून देवराव छातीच्या दवाखान्यात जाई तो दुपारी पाळी सुटल्यावर, डोक्याला दुपट्टा गुंडाळून. सुई टोचून घेई, गोळ्या घेई आणि पहाटे पुन्हा भोंग्याला हजर होई. खोकला लपवावा लागला नाही. कापसाच्या धुळीत सगळेच खोकत. गुळाचा खडा तोंडात टाकत आणि पुन्हा खोकत.

एक दिवस छातीच्या दवाखान्यातल्या नर्स शोभाताई घर पाहायला आल्या. पांढरी साडी, हातात छत्री, बोलणं शाळेतल्या बाईंसारखं. त्यांनी वेगळी थाळी पाहिली, राखेचा डबा पाहिला, खाट पाहिली.

"देवरावजी, सगळ्यांनी असं पाळलं तर माझी नोकरीच जाईल," त्या हसून म्हणाल्या. मग जाता जाता त्यांनी विचारलं, "तोंडाला लागणारं आणखी काही कुणाला देत नाही ना? बिडी, चिलीम?"

"बिडी सोडली बाई," देवराव म्हणाला.

त्या समाधानानं गेल्या. देवरावालाही समाधान वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पाळी सुटण्याचा भोंगा झाला, रिवाजाप्रमाणे त्यानं भरलेला धोटा कवडूच्या हातात दिला, आणि तेव्हा त्याला शोभाताईंचा प्रश्न कळला.

धोटा म्हणजे होडीसारखं टोकदार लाकूड. त्याच्या पोटात सुताची कांडी बसवायची आणि सुताचं टोक बाजूच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. ते काढायचं कसं, तर भोकाला ओठ लावून श्वास आत ओढायचा. सूत भुर्रकन तोंडात येतं. मग धोटा मागात टाकायचा. कांडी संपली की पुन्हा तेच. पाळीभर शेकडो वेळा तेच. पाळी बदलली की त्याच धोट्याला दुसऱ्याचे ओठ.

या धोट्यापायीच देवरावाच्या तरुणपणी त्याच्या जातीच्या लोकांना मागखात्यात घेत नसत. सूतखात्यात राबा, गाठी उचला, पण मागाला हात लावायचा नाही; तुमच्या तोंडचा धोटा आम्ही तोंडाला कसा लावायचा? देवराव तेव्हा गेटसमोरच्या सभांतून बोलायचा. बोलायला त्याच्याजवळ एकच वाक्य होतं आणि ते तो खणखणीत बोलायचा: धोट्याले जात नसते, धोटा उष्टा होत नसते. पुढं तो मागावर उभा राहिला. पहिल्या दिवशी त्या रांगेतले काहीजण काम टाकून निघून गेले, आणि पोटासाठी परत आले. त्याच्यानंतर ज्याची पाळी असे, त्याच्या हातात देवराव कांडी बसवून, सूत ओढून, तयार धोटा देऊ लागला. येणाऱ्याचा माग एक क्षणही थांबू नये म्हणून. असं दुसरं कुणी करत नव्हतं. आधी लोक तो धोटा घेऊन दुपट्ट्यानं पुसत. नंतर पुसेनासे झाले. त्याच्या आयुष्यात यापेक्षा मोठं काही घडलं नव्हतं.

थाळी उष्टी होते, गडवा उष्टा होतो, हे त्यानं लक्षात ठेवलं. धोटा त्याच्या ध्यानातच आला नाही.

"काय पाहून राहिले मामाजी?" कवडूनं विचारलं. त्याची पहिली कांडी संपली होती आणि दुसरी बसवून तो धोटा तोंडाशी नेत होता.

"तोंड नका लावू जवाई."

"मंग काय नाकानं ओढू?" कवडू हसला. मग सासऱ्याचा चेहरा पाहून त्याचं हसू ओसरलं. सासऱ्याचा आजार त्याला ठाऊक होताच. त्यानं हातातल्या धोट्याकडे पाहिलं, जणू तो आत्ताच कुठून तरी आला होता.

दुसऱ्या दिवशी देवरावानं बारीक तारेचा आकडा करून आणला. भोकातून आकडा घालायचा, आत सूत शोधायचं, अडकवून बाहेर ओढायचं. म्हातारी नजर, हलणारी जमीन, कानठळ्या बसवणारा आवाज. आकड्याला सूत सापडेना. एका विणकराकडे दोन माग; एकाचा धोटा भरेपर्यंत दुसरा कांडी संपून थांबे. कवडूचे हात तरुण, त्याला थोडं बरं जमे. तरी त्याचाही माल कमी भरू लागला. आठवड्याच्या शेवटी जॉबर बळीराम मागाशी येऊन उभा राहिला. पान खाल्लेलं, हातात छडी नसूनही ती असल्यासारखी चाल.

"काय गा देवराव," तो मोठ्यानं म्हणाला, म्हणजे शेजारच्या चार मागांना ऐकू जावं, "एवढं भांडून धोट्याले तोंड लावाले आलता, अन् आता तुलेच विटाळ होऊन राहिला काय?"

दोघं-तिघं हसले. एकजण म्हणाला, "बामण झाला तो आता."

"दात दुखते," देवराव म्हणाला.

"सासऱ्याचेबी दुखते अन् जवायाचेबी? एकाच मंजनानं घासता काय गा?" पुन्हा हशा झाला. मग बळीराम त्याच्या कानाशी आला आणि म्हणाला, "हे पाय, मले वरून सांगून राहिले, ज्याचा माल कमी त्याचं नाव पहिले. तुया जवाई तं बदलीच आहे, त्याले नाव लिहाचीबी गरज नाही. मी किती दिवस झाकू?"

दुसऱ्या दिवशी पहाटे गेटबाहेर कवडू त्याची वाट पाहत उभा होता. पाळी सुरू व्हायला थोडा वेळ होता.

"मामाजी, आकडा ठेवा घरी," तो म्हणाला. "मी धोटा पुसून घेत जाईन."

"पुसून जाते का ते?"

"नाही गेलं तं नाही गेलं. रोगानं मरीन तवा मरीन. माल कमी भरला तं या महिन्यातच घरी बसतो." मग जरा थांबून तो म्हणाला, "अन् लागते असं थोडंच आहे? तुमच्यासंगं किती जणायनं धोटा चालवला. कोणाले झालं?"

कुणाला झालं होतं, कुणाला नव्हतं, हे देवरावाला कुठं माहीत होतं? गिरणीतून माणूस खोकत गावी गेला की पुढचं कळत नसे. तरी त्यानं कवडूच्या बोलण्यावर विश्वास ठेवला. ठेवायचाच होता. आकडा घरी वळचणीला खोचला गेला. देवराव पुन्हा तोंडानं सूत ओढू लागला आणि पाळी संपताना धोटा धोतराच्या सोग्यानं घासून घासून पुसू लागला. आपण औषध घेतो आहोत, दिवसेंदिवस आपलं विष कमीच होत असणार, असं तो स्वतःला सांगे. कधी सुईचा खाडा होई, कारण पाळी लांबे. तेव्हा तो स्वतःला काहीच सांगत नसे.

हिवाळा सरता सरता कवडूला संध्याकाळचा ताप येऊ लागला. मग तो वाळला. मग एक दिवस त्याच दवाखान्यात, त्याच फोटोच्या यंत्रासमोर, तो सासऱ्यासारखाच दुपट्टा गुंडाळून उभा राहिला.

चारुशीला त्या संध्याकाळी एकटीच आली. निंबाखाली खाटेपासून जराशा अंतरावर, जिथं बसायची तिला सवय झाली होती, तिथं बसली.

"दोन्ही घरी आता थाळ्या येगळ्या झाल्या," ती म्हणाली. "बाबा, तुम्ही माह्या पोराले हात नाही लावला. आमच्या घरचं पाणी नाही पेले. मंग यायले कुठून लागलं?"

देवरावानं राखेचा डबा खाटेखाली सरकवला.

"धोट्यातून," मग तो म्हणाला.

ती विणकराची लेक होती. तिला समजावून सांगावं लागलं नाही.

"तुमाले माहीत होतं?"

"हाव."

"यायले?"

"त्यायलेबी."

ती जमिनीवरची निंबोळीची वाळकी टरफलं बोटानं एका जागी गोळा करत राहिली. रडली नाही. ती रडली असती तर बरं, असं देवरावाला वाटलं.

"मी उद्या बळीरामले सांगतो," तो म्हणाला. "सगळं सांगतो. जवायाच्या जागेवर उद्यापासून नत्थू येऊन राहिला, कळमेश्वरकडचा. त्याले लेकरं हायेत, शीला."

"मलेबी हाये."

"पण त्याच्या..."

"बाबा, यायचं काम गेलं. बिमार माणसाले बदलीवर कोण बलावते? आता तुमचाच पगार हाये. दूध लागते, अंडं लागते, डाक्टरनं सांगतलं. तुमचं नाव गेलं तं यायले मी काय देऊ? मिलो?" ती उठली, पदर खोचला. आवाज तिनं चढवला नव्हता. "तुम्ही काही बोलू नका. माही शप्पथ हाये तुमाले."

दुसऱ्या दिवशी देवरावानं मनाशी एवढंच ठरवलं होतं, की धोटा रिकामा ठेवायचा; भरावाच लागला तर आकड्यानं भरायचा. भोंगा व्हायच्या आधीच नत्थू मागाशी येऊन उभा राहिला. तिशीतला, रुंद खांद्याचा, मान खाली घालून बोलणारा माणूस.

"मामा, मीच बळीरामले म्हणलं, मले याच मागावर टाक," तो म्हणाला. "सारे म्हणते, देवरावमामाच्या मागं आलं का धोटा भरलेला भेटते. नव्या माणसाचा माल तिथंच निंगते."

पलीकडच्या रांगेत बळीराम उभा होता, इकडेच पाहत. माल भरावा म्हणून देवरावानं पाळीभर तोंडच लावलं होतं; आता त्यानं वळचणीतून परत आणलेला आकडा कमरेतून काढला आणि धोटा भरायला घेतला. सूत सापडलं, सुटलं, पुन्हा सापडलं. भोंगा झाला तेव्हा धोटा तयार होता. नत्थूनं तो दोन्ही हातांनी घेतला.

देवराव रांगेच्या टोकाशी जाऊन थांबला. माग चालला, आणि कांडी संपली तसा थांबला. नत्थूनं धोटा काढला, नवी कांडी बसवली आणि भोक ओठाला लावलं. माग पुन्हा सुरू झाला. देवरावाला कुणीतरी मागून म्हटलं, "चाल गा, रस्ता सोड," तेव्हा तो बाजूला सरला आणि तोंड धुवायला नळाकडे गेला.