टिचकीच्या ताटातलं

वजनकाट्यावरून उतरून ती पुन्हा चढली. जणू तेवढ्यात काट्याला तिची दया येणार होती. एकाहत्तर आणि वर चारशे ग्रॅम. चार महिन्यांत तीन किलो.

टिचकी पोटात असताना तिला साखर निघाली होती. पुढे दोन वर्षं तोंडावर ताबा ठेवून तिने चौदा किलो उतरवले, तेव्हा कुठे गोळ्या सुटल्या. डॉक्टरांनी त्याच दिवशी बजावलं होतं, "उतरवलंत, छान. आता टिकवायचंय. बहात्तरच्या वर गेलात तर गोळ्या पुन्हा सुरू." तिच्या आईचा पाय साखरेनेच गेला होता. बहात्तर म्हटलं की तिला पलंगाखाली उरलेली आईची एकच चप्पल दिसायची.

"वही बघू," आहाराच्या सल्लागारबाई म्हणाल्या.

नियम साधे होते. खायचं ते आधी लिहायचं, मगच तोंडात घालायचं, आणि बसूनच खायचं. बाईंनी पानं उलटली. पाव, अंडं, काकडी, सफरचंद.

"एवढ्यावर वजन वाढत नाही हो."

"म्हणजे मी खोटं लिहिते?"

"खोटं कशाला? काहीतरी लिहायचं राहतंय. आठवडाभर नुसतं बघा, हात तोंडाकडे कधी जातो ते. आणि चिडून उपाशी राहू नका, तेही महागात पडतं."

तिथून ती चष्म्याच्या दुकानात कामावर गेली. लोकांना खुर्चीत बसवायचं, भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची, भिंग बदलायचं. "आता बरं दिसतंय की आधीचं बरं होतं?" दिवसातून शंभरदा हेच. संध्याकाळी पाय सुजलेले असायचे आणि आज वजनकाट्याचा विचार डोक्यातून हलत नव्हता.

पाळणाघरात ताईंनी टिचकीच्या हाताबरोबर एक कार्डही तिच्या हाती दिलं. दर तीन महिन्यांनी मुलांची उंची-वजन घेत.

"उंची वाढलीय. वजन मात्र सहाशे ग्रॅमनी उतरलंय. इथं तर डबा चाटूनपुसून खाते. घरी जेवते ना नीट?"

"जेवते की!" ती म्हणाली, आणि रस्ताभर ते कार्ड तिच्या पर्समध्ये निखाऱ्यासारखं राहिलं.

नवऱ्याने बटाटे उकडून ठेवले होते. सातला तिघं जेवायला बसली. तिच्या ताटात मोजकं, नवऱ्याच्या ताटात ढीग, टिचकीच्या ताटात कुस्करलेला बटाटा, अंडं, लोणी लावलेला पाव. टिचकीने थोडं खाल्लं आणि ताट सरकवलं.

"पोट भरलं."

"पोट आहे की काडेपेटी?" नवरा म्हणाला.

ती ताटं उचलून बेसिनपाशी गेली. नळ सोडला. अंड्याचा पिवळा बलक तोंडात टाकला, मग बटाट्याचा घास. हात आपोआप चालले होते, ताट निपटणं हा घासण्याचाच एक भाग असल्यासारखे. पावाचा तुकडा ओठांशी आला आणि हात थबकला. सल्लागारबाईंचं बोलणं आठवलं.

तिने तुकड्याकडे नीट पाहिलं. लोण्याची बाजू शिल्लक होती, कोरडी कड तेवढी खाल्लेली. बलकही अख्खा होता. पोट भरलेलं पोर असं निवडून टाकत नाही.

मागे वळली तर टिचकी दारात उभी. "पिवळं खाल्लंस?"

"तुला आवडत नाही का ते?"

"आवडतं. पण तुझ्या ताटात एवढुस्संच असतं. बाबाला केवढं असतं! म्हणून मी तुझ्यासाठी ठेवते."

"रोज?"

"रोजच. तू इथे उभी राहून खातेस ना, मी बघते."

तिने पावाचा तुकडा परत ताटात ठेवला. तिचं वाढलेलं वजन आणि लेकीचं घटलेलं, दोन्ही एकाच ताटातलं होतं. तिने नळ बंद केला.

"बटाटे उरलेत का?" तिने नवऱ्याला विचारलं.

"आहेत. पण तुझं ते—"

"वाढ. मला आणि हिला."

ती परत टेबलाशी बसली. वही ओढली. आधी लिहिलं, 'टिचकीच्या ताटातलं: एक बलक, एक घास बटाटा.' त्याखाली आता ताटात आलेलं. अक्षर वेडंवाकडं येत होतं. वहीवरच डोकं टेकून झोपावं, इतकी ती दमली होती.

"हे बघ," ती टिचकीला म्हणाली, "तुझं तू खायचं, माझं मी. उरलं तर फ्रिजमध्ये ठेवू."

"आणि तुला भूक राहिली तर?"

"तर मी मागून घेईन."

टिचकीचा विश्वास बसलेला दिसेना. "आधी तू खा," ती म्हणाली.

मग आई खात राहिली. सावकाश, बसून, लेकीच्या पहाऱ्यात. ताट रिकामं झालं तेव्हा कुठे टिचकीने आपला चमचा उचलला.

"आजपासून ताटं तू घास," ती नवऱ्याला म्हणाली.

"आज? बरं."

"आज नाही. आजपासून."

त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि बाह्या वर केल्या. "म्हणजे कायमचं?"

"हो रे," ती म्हणाली. "वही, काटा, सगळं कायमचंच आहे."

टिचकीने बटाट्याचा शेवटचा घास चमच्यावर घेतला, क्षणभर आईकडे पाहिलं आणि स्वतःच्या तोंडात घातला.