शेवटची कडी

धाकट्याने खोटं असं काहीच सांगितलं नव्हतं. तो फक्त मूग गिळून बसला होता, आणि तीन आठवडे सगळ्यांनी ते दुःख समजून त्याला सांभाळून घेतलं होतं.

दुःखाचा तर पत्ताच नव्हता. तो वेळेवर उठत होता, पोटभर जेवत होता, गाढ झोपत होता. थोरला भाऊ छपरावरून पडून गेला आणि आपल्याला रडू येत नाही, याची त्याला लाजसुद्धा वाटत नव्हती. दाढ काढल्यावर गाल बधिर होतो, तसा तो आतून बधिर झाला होता. उद्या कंपनीत चौकशी होती. कडी कच्ची होती म्हणून निसटली, असं वहिनी तिथे सांगणार होती. कडी कच्ची नव्हती. हे माहीत असणारा जिवंत माणूस एकच उरला होता.

उतरत्या छपरावर चढलेल्या माणसाच्या पट्ट्याचा दोर अडकवायला लोखंडी कड्या स्क्रूने बसवतात. काम संपलं की त्या काढायच्या. लांबच्या टोकापासून सुरुवात करून शिडीकडे सरकत यायचं आणि एक कडी काढताना दोर पुढच्या कडीला ठेवायचा. घोडं अडतं ते शेवटच्या कडीपाशी, कारण मग दोर अडकवायला काही उरतच नाही. तिच्यासाठी माणसाला वर उचलणारी पाळण्याची गाडी मागवायची, पट्टा पाळण्याला अडकवायचा आणि पाळण्यात उभं राहून ती काढायची, असा नियम. पण गाडी नेमकी आवाराच्या दुसऱ्या टोकाला असते आणि ताटकळत बसायला कोणाला आवडतं? म्हणून धाकट्याने आपली एक युक्ती काढली होती. दोर त्याच कडीला ठेवायचा आणि तिचेच स्क्रू काढायचे. खालून मुकादमाला दोर दिसतो, मुकादम खूश. शिडी काय, चार पावलांवर. नऊ वर्षं हे असंच निभावलं.

थोरला या कामात मागाहून आला. त्याचं सायकलींचं दुकान बुडालं तेव्हा धाकट्यानेच त्याला आणलं. घरात मान थोरल्याचा. छपरावर मात्र तो धाकट्याला थट्टेने ‘वस्ताद’ म्हणायचा आणि सांगेल ते निमूटपणे करायचा.

आज, थोरला पडला त्याच गोदामाच्या छपराची दुसरी बाजू उरली होती. धाकट्याने चार कड्या काढल्या, पाचव्या, शेवटच्या कडीपाशी आला आणि त्याचा हात सवयीने तिच्या स्क्रूंकडे गेला. तो थोडा वेळ त्या हाताकडे बघत राहिला. मग शिडीवर पक्का पाय रोवून त्याने दोर सोडला आणि खाली आला.

“पाळणा मागवा,” तो मुकादमाला म्हणाला.

“एका कडीसाठी?” मुकादमाने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि गुपचूप फोन लावला.

तेवढ्यात वहिनी फाटकातून आत आली. हातात रुमालाची पुरचुंडी होती.

“भाऊजी, दवाखान्यातून आलेले त्यांचे कपडे काल धुवायला काढले. खिशात हे निघालं.” तिने रुमाल उघडला. चार स्क्रू होते. “निसटलेल्या कडीचे स्क्रू खिशात कसे जातात?”

“दादानेच काढले ते.”

“पण दोर बांधला होता ना?”

“बांधला होता. त्याच कडीला.”

वहिनीला ते समजायला वेळ लागला. “म्हणजे ज्या फांदीवर बसलेत तीच... एवढं साधं कळलं नाही त्यांना? एवढे का वेंधळे होते ते?”

घाईत होता, एवढं म्हटलं की सुटका होती. शब्द तोंडात तयारच होते. दादा वेंधळा ठरला असता, बस्स.

“मी शिकवलं होतं, वहिनी. मी नऊ वर्षं तसंच करतोय. तो म्हणाला होता, हे बरोबर वाटत नाही रे. मीच हसलो त्याला.”

आपला आवाज भाजीचा भाव सांगावा तसा निघतोय, हे त्याला ऐकू येत होतं. वहिनी रडली नाही, ओरडलीही नाही. तिने रुमालाला पुन्हा गाठ मारली.

“उद्या तिथे हे सांगाल? असंच?”

“सांगेन.”

गाडी आली. धाकटा पाळण्यात चढला, पट्टा पाळण्याला अडकवला आणि वर गेला. त्याने कडी सोडवली, भोकं बुजवली. वहिनी पूर्ण वेळ मान वर करून बघत होती. तो खाली येईपर्यंत ती जागची हलली नाही.

“झालं?” तिने विचारलं.

“झालं.”

“किती वेळ लागला? गाडी यायला लागला तो धरून.”

त्याने मोबाइल काढून बघितलं. “बावीस मिनिटं.”

“बावीस,” वहिनी म्हणाली, आणि तिथेच मातीत खाली बसली.