डाव्या चाकाचं ग्रीस

मी बेअरिंग बोलतोय. तातेरावदादाच्या टेम्पोत, पुढच्या डाव्या चाकात होतो. तुम्ही मला पाहिलं नसेल. चाक दिसतं, टायर दिसतो. त्यांच्या पोटात फिरणाऱ्याला कोण बघतं? पण गेला महिनाभर दादाच्या गावात, कुंभार पिंपळगावात, माझं नाव सगळ्यांच्या तोंडी आहे. "बेअरिंगनं दगा दिला," असं लोक म्हणतात. म्हणून मी बोलतोय.

कुठल्या कारखान्यात घडलो ते मला ठाऊक नाही. आठवतो तो तेलकट कागद, आणि तो सोडणारे बद्रीनाथ मिस्तरींचे हात. जुन्या जालन्यात, धान्याच्या दुकानांमागच्या बोळात त्यांचं गॅरेज आहे. त्यांनी तळहातावर ग्रीसचा गोळा घेतला आणि माझी कड त्यावर दाबत राहिले. एका बाजूनं ग्रीस आत शिरायचं, दुसऱ्या बाजूनं माझ्या पोटातल्या रोलरांमधून शेवयांसारखं बाहेर यायचं. एकही रोलर त्यांनी कोरडा ठेवला नाही.

"वर्षाला एकदा चाक खोलायचं," ते दादाला म्हणाले. "अन् ग्रीस हेच. डब्यावर चाकाचं चित्र आहे, ते बघून घ्यायचं. रंगावर जायचं न्हाई."

"रंग बघून तर मी कांदे बी घेत न्हाई, मिस्तरी," दादा म्हणाला.

दोन वर्षं मी मजेत धावलो. दादा मोसंबीचे क्रेट भरून जालन्याला जायचा, येताना किराणा आणायचा. वाटेत थांबला की उतरून चाकाच्या मधोमध हात लावून बघायचा, ताप आलेल्या लेकराच्या कपाळाला लावतात तसा. मी थंड असायचो. मंग तो बिडी पेटवायचा.

दादाचा धाकटा भाऊ प्रितम. एमआयडीसीत, सळईच्या मिलमध्ये कामाला. मनात आलं की करून मोकळा, विचार नंतर. शाळा त्यानं अशीच सोडली होती. पण दादावर त्याचा जीव होता.

यंदा चाक खोलायची वेळ आली तेव्हा दादाला सवड नव्हती.

"प्रित्या, रविवारी तू खोल चाक. तुला येतं. ग्रीस तेवढं बद्रीनाथकडूनच आण."

प्रितम गेला होता. गॅरेजपुढं चार गाड्या उभ्या दिसल्या, तसा माघारी फिरला. मिलमध्ये मोठमोठ्या दातेरी चाकांना काळं, चिकट ग्रीस लावतात. शेजारून लालबुंद सळई पळते, तरी ते जागचं हलत नाही. त्याच्या डोक्यात आलं, एवढी आग सोसतं ते; टेम्पोच्या चाकाची काय मजाल. सुपरवायझरला विचारून त्यानं डबाभर आणलं. दादाच्या गाडीला सगळ्यांत ताकदीचं ग्रीस भरतोय, म्हणून खूश होता तो.

जुनं ग्रीस पुसून त्यानं ते काळं माझ्यात कोंबलं. त्याच्या हातात राग नव्हता, मायाच होती. म्हणून तर मला अजून कळत नाही, रुसायचं कुणावर.

"बद्रीनाथचंच ना?" दादानं विचारलं.

"बराबर तेच," प्रितम म्हणाला.

चाक पळायला लागलं तसं ते काळं माझ्या रोलरांखालून बाजूला सरकलं आणि कडेला जाऊन बसलं. परत आलंच नाही. मधे राहिलं लोखंडावर लोखंड. मी घरघरू लागलो. मला तेवढीच भाषा येते.

दादाला ती कळत होती. अंबडच्या अलीकडे भर दुपारी त्यानं टेम्पो बाजूला घेतला, चाकाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. मंग फोन लावला.

"प्रित्या, डावं चाक घरघर करून राह्यलं. लई तापलंय. ग्रीस कोणतं भरलं होतंस?"

मिलच्या आवाजात प्रितमनं फोन कानाशी घट्ट धरला. एक शब्द खरा निघाला असता तर दादा तिथंच लिंबाखाली थांबला असता.

"तेच दादा. बद्रीनाथचं. उन्हानं तापलं असंल. चल तू बिनधास्त."

दादानं भावावर विश्वास ठेवला. पुढं चार किलोमीटरवर मी जागीच जाम झालो. टेम्पो उताराच्या कडेच्या खड्ड्यात गेला. मोसंबी रस्ताभर पसरली. दादा उठला नाही.

तेराव्या दिवशी प्रितम मला फडक्यात गुंडाळून गॅरेजात घेऊन गेला. "मिस्तरी, डुप्लिकेट बेअरिंग घालून माझा भाऊ मारला तुम्ही," तो सगळ्यांसमोर म्हणाला.

बद्रीनाथांनी फडकं सोडलं. मला रॉकेलात धुतलं, उजेडात धरलं. माझे रोलर तापून निळे पडले होते. कडेचं काळं त्यांनी बोटावर घेतलं, चोळलं, वास घेतला.

"हे कुठलं?"

"मिलचं."

"पोरा, मिलचं दातेरी चाक सावकाश फिरतं. त्याला चिकटून बसणारं लागतं. ह्याला पळायचं असतं. ह्याच्यात रोलरासंगं फिरणारं अन् तापलं तरी न वितळणारं लागतं. आग सोसली म्हणून सगळ्याला चालतं का?" मंग हळू आवाजात म्हणाले, "तातेरावला ठाऊक होतं का, हे भरलंय म्हणून?"

प्रितमनं मला उचललं आणि निघाला.

घरी शिवकन्यावहिनी ओट्यावर ज्वारी निवडत होत्या. फडक्यात काय आहे ते त्यांनी ओळखलं.

"ते दगाबाज घरात कशाला आणलं, भाऊजी? फेका उकिरड्यावर."

प्रितमनं मला त्यांच्या सुपाशेजारी ठेवलं. खाली बसला.

"हे दगाबाज न्हाई, वहिनी."

वहिनींचा हात सुपात थांबला.

"दादाचा फोन आल्ता मला. त्यानं विचारलं होतं."

पुढचं त्यानं सगळं सांगितलं. वहिनी उठल्या. सूप उचलून आत गेल्या आणि दार लोटून घेतलं. तो ओट्यावरच बसून राहिला, मी त्याच्या शेजारी.

मी आता फिरत नाही. गंज चढतोय. उद्या भंगारात जाईन, मिलमध्ये वितळेन, सळई होईन. त्याआधी एवढंच मागणं आहे. चाकाला चाकाचंच ग्रीस भरा. गर्दी असेल तर थांबा, कळत नसेल तर विचारा. आणि चुकीचं भरलंच, तर समोरचा विचारतो तेव्हा खरं सांगा. चाक खोलून ग्रीस बदलता येतं. दादानं त्यासाठीच गाडी थांबवली होती.