टॉलिव्हरांची काळी चार

मी एक जुनी सूर देणारी चकती आहे, मित्रांनो! पिच पाइप म्हणतात मला. बिस्किटाएवढी, गोल, एके काळी चकचकीत. माझ्या कडेला बारीक बारीक भोकं आहेत, मी त्यांना माझी घरं म्हणते. प्रत्येक घरात एक पितळेची जीभ. तुम्ही ज्या घरात फुंकाल, त्या घराचा सूर निघेल. बस, एवढंच येतं मला. आणि तेसुद्धा स्वतःच्या जिवावर नाही हं. माझ्याकडे श्वासच नाही ना! दुसऱ्यानं श्वास दिला की मी बोलते. म्हणून आज संधी मिळालीये तर सगळं भडाभडा सांगून टाकते. मध्ये थांबवू नका.

माझा जन्म एका कारखान्यात झाला, तिथलं मला फारसं आठवत नाही. मला आठवतो तो एझ्रा टॉलिव्हर यांच्या शर्टाचा खिसा. अलाबामात बेसेमर नावाचं गाव आहे, तिथं ते लोखंडी नळ ओतायच्या भट्टीवर कामाला होते. दिवसभर भट्टी, संध्याकाळी गाणं. भट्टीवरच्या चौघाचौघांच्या कितीतरी टोळ्या होत्या तेव्हा, देवाची गाणी म्हणणाऱ्या. पेटी नाही, गिटार नाही, काही नाही. नुसते चार गळे! एझ्रांनी तर घरातच टोळी उभी केली. टॉलिव्हर फॅमिली सिंगर्स. थोरली मुलगी ओडेसा पुढे, मधला सूर धाकट्या मुलाचा, क्लीओफसचा, खर्ज पुतण्या लुशियसचा, आणि वरचा सूर स्वतः एझ्रांचा.

आता गंमत ऐका. वाद्य नसलं की गाता गाता सूर हळूहळू खाली घसरतो. गाणाऱ्याला कळतही नाही. म्हणून आमच्याकडे एक रीत होती. गाणं सुरू करताना मला फुंकायचं, आणि गाणं संपल्यावर पुन्हा फुंकायचं, सगळ्यांसमोर. शेवटचा सूर आणि माझा सूर जुळला की अख्खं चर्च उभं राहायचं. टोप्या उडायच्या! दुसऱ्या टोळ्या कधी जुळायच्या, कधी नाही. टॉलिव्हर नेहमी जुळायचे. एझ्रा मान ताठ करून म्हणायचे, "टॉलिव्हर खाली उतरत नसतात."

त्यांनी स्वतः रचलेलं एक गाणं होतं, 'दार लोटू नका, मी येतोय'. ते गाणं म्हणायचे काळी चारच्या पट्टीत. पेटीवर बोट ठेवून बघा, म्हणजे किती उंच ते कळेल. शेवटी 'येतोय' वर ओडेसाचा आवाज असा वर जायचा, असा वर जायचा, की चर्चमधल्या बायका हातातले पंखे हलवायच्या विसरायच्या. त्या गाण्याची तबकडीही निघाली होती. माझ्या काळी चारच्या घरापाशी एझ्रांनी खिळ्यानं एक खूण कोरली. दुखलं थोडं, पण मिरवलं मी.

एझ्रा गेले तेव्हा त्यांनी मला क्लीओफसच्या हातात दिलं. म्हणाले, "तुझ्या बहिणीला देवानं गळा दिलाय. तुला कान दिलाय. तिला सांभाळ."

आणि क्लीओफसनं सांभाळलं हो. रोज फडक्यानं पुसायचा मला. वरच्या सुराच्या जागी पुढे त्याची मुलगी डेझरे आली. दर गुरुवारी क्लीओफसच्या स्वयंपाकघरात सराव. तळलेल्या माशांचा वास, कॉफी, आणि चार गळे.

अशाच एका गुरुवारी 'येतोय' वर ओडेसाचा आवाज फाटला. ती खोकली. म्हणाली, "धूळ आहे इथं. क्लीओफस, पडदे कधी धुतोस का रे?" पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा फाटला. मग तिच्या ताटातला मासा तसाच राहिला. ओडेसानं मासा टाकला, असं त्या घरात आजवर झालं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी क्लीओफसनं मला ओठांना लावलं आणि अंगठा हळूच सरकवला. खुणेच्या घराच्या एक घर खाली. पांढरी पाच! मी दचकलेच. पण मी काय करणार, श्वास येईल तिथं बोलणार. ओडेसा नेहमीसारखे डोळे मिटून उभी होती. सूर घेतला, गायली, आणि 'येतोय' अलगद वर गेलं.

"बघ!" ती ओरडली. "धूळच होती! पडदे धुतलेस ना?"

"धुतले, ताई," क्लीओफस म्हणाला. पडदे तसेच होते.

तेव्हापासून हे सुरू झालं. काही वर्षांनी आणखी एक घर खाली. मग आणखी एक. गाणं संपल्यावर तो मला पुन्हा फुंकायचा, त्याच खालच्या घरात, आणि सूर अर्थातच जुळायचा! लोक टाळ्या वाजवायचे. लुशियसला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, कारण सगळ्यांत खाली तोच. तो क्लीओफसच्या कानाशी कुरकुरायचा, "अरे, मी आता तळघरातून गातोय. अजून खाली नेलंस तर वर कोण राहतं ते ओरडून विचारावं लागेल." डेझरेलाही माहीत होतं. एकट्या ओडेसाला माहीत नव्हतं.

आणि ती काय करायची सांगू? दर कार्यक्रमात गाण्याआधी पुढे यायची, पांढरी टोपी सारखी करायची आणि म्हणायची, "मंडळी, सत्तरी उलटली माझी! गुडघे गेले. दात गेले. नवरा गेला, तो तर दातांच्याही आधी गेला. पण पट्टी? पट्टी पप्पांनी ठेवली तिथंच आहे!" चर्च दणाणायचं. मागे उभे असलेले तिघं आपापल्या बुटांकडे बघायचे. मी क्लीओफसच्या मुठीत असायची ना, त्याचा तळवा ओला व्हायचा.

मग आला टोळीचा वाढदिवस. आमच्याकडे टोळीचाही वाढदिवस असतो, लांबलांबच्या टोळ्या गायला येतात आणि शेवटी यजमान गातात. या वेळी चर्चच्या पाद्रीबुवांना भारी कल्पना सुचली. आधी ती जुनी तबकडी लावायची, तरुण ओडेसा ऐकवायची, आणि तबकडी थांबली की लगेच आजच्या टॉलिव्हरांनी तेच गाणं म्हणायचं!

क्लीओफस हिशेब करत बसला. तबकडीवर काळी चार, आपण पांढरी चार. पाठोपाठ! लहान पोरालाही फरक कळेल.

"डॅडी, आत्याला सांगून टाक," डेझरे म्हणाली.

"सांगतो. आजच सांगतो."

रताळ्याचं सारण भरलेला गोड केक घेऊन तो बहिणीकडे गेला, मी खिशात. ती नवी टोपी दाखवत बसली. केक खाल्ला. रिकामी थाळी परत दिली. हा परत आला. लुशियस फाटकात उभाच होता.

"सांगितलंस?"

"टोपी छान आहे तिची."

"शाबास! आता टोपीच गाईल."

वाढदिवसाच्या दिवशी चर्च खच्चून भरलं. तबकडी लावली. मित्रांनो, काय तो आवाज! भट्टीतून नुकत्याच काढलेल्या लोखंडासारखा, लाल आणि सरळ. म्हाताऱ्या बायका डोळे पुसायला लागल्या. सुई उचलली गेली. ओडेसानं डोळे मिटले. क्लीओफसचा अंगठा माझ्यावर वर गेला, खाली आला, वर गेला, खाली आला. शेवटी त्यानं फुंकलं. पांढरी चार.

जिन्यावरून काहीतरी खाली पडावं तसा माझा सूर वाजला. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यानं मान वर केली. ओडेसानं डोळे उघडले. आणि हसली!

"चुकलास रे," ती म्हणाली. मग लोकांकडे वळून, "बघा, म्हातारा तो झालाय आणि लोक मला हात धरून पायऱ्या चढवतात!" सगळे हसले. "काळी चार दे, क्लीओफस."

त्यानं तिच्याकडे बघितलं. तिथं, सगळ्यांसमोर, काय बोलणार होता? त्यानं खुणेच्या घरात फुंकलं. त्या घरात किती वर्षांनी श्वास आला होता! मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

ओडेसा गायली. चांगली गायली. आणि 'येतोय' वर तिचा आवाज फाटला.

आमच्या चर्चमध्ये अशा वेळी कुणी कुजबुजत नाही. मागून एक बाई म्हणाली, "सावकाश, सिस्टर, सावकाश." दुसरं कुणी म्हणालं, "देवा, हात दे तिला." ओडेसानं पुन्हा घेतलं. पुन्हा फाटला. मग मागून डेझरेनं तो सूर उचलला आणि पार नेला. गाणं संपलं. टाळ्या खूप वाजल्या. पण शेवटी मला फुंकायचं कुणालाच सुचलं नाही.

मागच्या खोलीत ओडेसानं टोपी काढून टेबलावर ठेवली. "कधीपासून?" तिनं विचारलं.

"पडद्यांपासून," क्लीओफस म्हणाला.

"तुम्हा सगळ्यांना माहीत होतं?"

तिनं हात पुढे केला. क्लीओफसनं मला तिच्या हातावर ठेवलं. तिनं मला पर्समध्ये टाकलं आणि चेन लावली.

त्यानंतरचे दिवस मी पेपरमिंटच्या गोळ्या आणि रुमालांमध्ये काढले. एक गुरुवार गेला, मग आणखी काही गेले. सराव नाही. दुसऱ्या गावाचं बोलावणं आलं तर ओडेसानं फोनवर सांगितलं, "टॉलिव्हर आता गात नाहीत." पर्सच्या अंधारात मी ते ऐकलं, मित्रांनो, आणि माझ्या जिभांवर पहिल्यांदा गंज चढतोय असं वाटलं. एझ्रांच्या खिशापासून चालत आलेली टोळी, आणि ती अशी संपणार? कुणी भांडलं नव्हतं, कुणी मेलं नव्हतं. एका भावानं बहिणीवर माया केली होती, एवढंच!

आणि एका गुरुवारी पर्स हलली. पायऱ्या. दाराचा आवाज. मग ओळखीचा मासे तळल्याचा वास!

तिनं मला टेबलावर ठेवलं. डेझरे कढईपाशी, लुशियस खुर्चीत, क्लीओफस उभा.

"तू मला विचारलं का नाहीस?" ओडेसा म्हणाली.

"तू नाही म्हणाली असतीस, ताई."

"म्हणाले असते. पुढच्या वर्षीही म्हणाले असते. मग एखाद्या वर्षी, माझी मीच, हो म्हणाले असते. ते माझं होतं, क्लीओफस. ते तू माझ्याकडून घेतलंस. मी गावोगाव उभी राहून बढाया मारत होते आणि तुम्ही तिघं मागे उभे राहून हसत होतात."

"हसलो नाही कधी," क्लीओफस म्हणाला.

"मी तर नाहीच," लुशियस म्हणाला. "इतक्या खाली हसायला दम कुठं होता?"

ओडेसानं ओठ घट्ट मिटले. पण नाक हललं तिचं. मी बघितलं.

"विचार," ती म्हणाली.

"आत्ता?"

"मग काय ईस्टरला?"

क्लीओफसनं मला उचललं. या वेळी त्याचा अंगठा माझ्या कुठल्याच घरावर नव्हता. "ताई," तो म्हणाला, "कुठली पट्टी देऊ?"

ओडेसानं गळ्यावर हात ठेवला. थोडं गुणगुणली. थांबली. परत गुणगुणली. सगळे वाट बघत राहिले. कढईतला मासा करपायला लागला तरी डेझरे हलली नाही.

"पप्पांचं गाणं ही पोरगी म्हणेल," ओडेसा म्हणाली. "काळी चारमध्येच. मी तिच्या मागे उभी राहीन. बाकीची गाणी माझी." मग तिनं एक मोठा श्वास घेतला. "आणि ती पांढरी तीनमध्ये."

पांढरी तीन! मित्रांनो, क्लीओफसनं जिथपर्यंत भीत भीत नेलं होतं, त्याच्याही एक घर खाली!

"देवा रे," लुशियस म्हणाला, "आता मला दोरी सोडा कुणीतरी."

ओडेसा हसली. टेबल धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग क्लीओफसनं माझ्या त्या घरात फुंकलं, जिथं आजवर कुणीच फुंकलं नव्हतं. धूळ होती आत. मी आधी खरखरले, मग बोलले. आणि त्या सुरावर ओडेसा गायली. आवाज उंच गेला नाही. रुंद झाला. डेझरेनं गॅस बंद केला आणि तशीच उभी राहिली.

तेव्हापासून असंच चालतं. आता ओडेसा लोकांसमोर आधी सांगते, "आज पांढरी तीन," आणि क्लीओफस विचारल्याशिवाय मला ओठांना लावत नाही. कधी ती म्हणते, आज अजून खाली. कधी म्हणते, आज वर, आज मला बरं वाटतंय. शेवटी मला फुंकून बघतात, सूर जुळतो, आणि टोप्या पुन्हा उडतात.

माझी खूण आता पुसट झालीये. एक जीभ सैल झालीये. तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू असेल तर तिला ओलाव्यात ठेवू नका, अधूनमधून फडक्यानं पुसा. आम्हा वस्तूंना तेवढं पुरतं, आम्हाला विचारायची गरज नसते. पण मित्रांनो, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पुरत नाही हो. त्यांच्यासाठी काही करायचं असेल तर त्यांच्या पाठीमागे करू नका. समोर जा आणि विचारा. ती नाही म्हणतील. परत विचारा. वाट बघा.