आबासाहेबांची सीट

मित्रांनो, मी एक ट्रक आहे. फौजेतून निघालेला, वयाने जुना आणि मनाने रागावलेला. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तूंनी शेवटी सर्वांना क्षमा करावी, असा एक प्रघात पडला आहे. फाटकी छत्री क्षमा करते, मोडकी खुर्ची करते, फुटका माठसुद्धा करतो. मी करणार नाही. हे आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे ज्याला गोड कहाणी हवी असेल त्याने येथूनच मागे फिरावे. जो थांबेल त्याने मात्र माझी बाजू नीट तपासून ऐकावी. कारण विनाकारण रागावणे हा मूर्खपणा आहे, आणि तो आरोप मला मान्य नाही.

प्रथम माझी घडण समजून घ्या. सामान्य ट्रकाला दोन दारे असतात. मला चार होती. पुढच्या सीटवर तिघे आणि मागच्या सीटवर चौघे, अशी सात माणसे माझ्या केबिनमध्ये छपराखाली बसत. त्यांच्या पाठीमागे लोखंडी हौदा होता, तो केवळ सामानासाठी. हौदा तोकडा खरा. पण चाकांवर वजन पेलणारे माझे पोलादी पाटे जाड होते, चारही चाकांना इंजिनाची ओढ होती, आणि ओढ्याच्या वाळूत इतर गाड्या रुतत तेथून मी भरल्या वजनानिशी वर येत असे. कामाला जाणारे माणूस कामाच्या जागी धडधाकट पोहोचावे, एवढा एकच विचार माझ्या रचनेमागे होता. फौजेत तो कोणी मोडला नाही. एखादा जवान हौद्यातल्या पेट्यांवर जाऊन बसलाच, तर हवालदार त्याला दोन शिव्या देऊन खाली उतरवी आणि आत बसवी. शिव्यांना काळजी म्हणता येते, हे मी तेथे शिकलो.

एकाहत्तर सालच्या उन्हाळ्यात नगरच्या छावणीत माझा लिलाव झाला. पाथर्डीकडचा कानिफनाथ नावाचा एक मुकादम तेथे आला होता. विहिरी खोदणारी त्याची टोळी होती. विहिरीतला दगड वर ओढणारी लोखंडी यारी, पहारी, घण आणि तारेचा दोर असा पसारा घेऊन ही टोळी गावोगाव फिरे. गाडी निवडायला कानिफनाथ टोळीची बाकीची सहाही माणसे घेऊन आला, आणि त्याला कारण होते. आदल्या वर्षी करंजीच्या घाटात, भाड्याच्या ट्रकातून जाताना, त्याचा चुलतभाऊ पुंजाराम यारीच्या लोखंडावरून घसरून रस्त्यावर पडला आणि जागीच गेला. त्या दिवसापासून पुंजारामची बायको रंगुबाई भरल्या गाडीवर पाय ठेवीना. विहिरीच्या काठावर उभे राहून तळातल्या माणसांना आणि यारीवाल्यांना इशारे देण्याचे काम तिचे. तिची हाक चुकली असे कधी घडले नव्हते, त्यामुळे ती नसेल तर पुरुष खाली उतरायला कां-कूं करीत.

रांगेत माझ्यापेक्षा लांब हौद्याचे ट्रक उभे होते. एक दलाल कानिफनाथाच्या मागे लागला.

"मुकादम, ह्येला चार दारं कशाला? पलीकडचा घे. ह्यात निम्मी जागा मानसंच खात्यात."

टोळीचा ड्रायव्हर आसाराम माझ्या पोटाखाली शिरला होता. त्याने पान्याने एकेक पाटा ठोकून पाहिला, तेल बोटावर घेऊन उन्हात धरले आणि बाहेर येऊन निकाल दिला. "पाटे खडखडीत हायेत. इंजिन म्हातारं हाय, पर दमाचं हाय. आपल्या गोजरमावशीवानी."

टोळीतली सर्वांत वयस्क बाई गोजरबाई मागेच उभी होती. "मेल्या, म्हातारी आसंल म्या, पर मला अजून कुनी धक्का माराया लागत न्हाई."

सगळे हसले. कानिफनाथ मात्र रंगुबाईकडे पाहत होता. "वयनी, आत बसून बगा."

ती आत बसली. दार लावले, उघडले, पुन्हा लावले. मग खांद्याने त्यावर भार देऊन पाहिला. "कडी पक्की हाय, भावजी," ती म्हणाली. "ह्यातनं मी येईन कामाला."

कानिफनाथाने माझ्या बॉनेटवर तळहात टेकला आणि साऱ्यांच्या देखत सांगितले, "हीच घ्यायची. आजपासनं मानसं आत, लोखंड मागं."

मित्रांनो, असे शब्द मी फौजेतही ऐकले नव्हते. तेथे तो हुकूम होता. येथे तो एका माणसाने स्वतःहून दिलेला शब्द होता.

पुढचे दीड वर्ष त्याने तो पाळला, हे मान्य केले पाहिजे. धुळीने माखलेली सात माणसे माझ्या चार दारांतून उतरत, तेव्हा गावे थबकून पाहत. एका गावी तर रंगुबाई मागच्या दारातून उतरताच पोलीसपाटील लगबगीने पुढे आले आणि हात जोडून म्हणाले, "यावं बाईसाहेब, पंचायतीत बसूया." तिने त्यांना विचारले, "इहीर कुठं हाय?" आणि पदर खोचून चालू लागली. पाटलांचे जोडलेले हात बराच वेळ सुटले नाहीत. आसाराम त्या प्रसंगाची नक्कल पुढे महिनाभर करीत होता.

बहात्तर साली पाऊस आलाच नाही. विहिरी तळाला गेल्या आणि जो तो आपली विहीर खोल करू पाहू लागला. टोळीला उसंत राहिली नाही. अशातच तालुक्याच्या राजकारणातले एक वजनदार गृहस्थ आबासाहेब एका गावची पाणीटंचाई पाहायला आले आणि परतताना त्यांची जीप वाटेत बंद पडली. कानिफनाथाने त्यांना माझ्या मागच्या सीटवर बसवले. मानाखातर टोळीची माणसे हौद्यात चढली. रंगुबाई चालत निघाली. अवघे चार मैल ते गृहस्थ बसले असतील. उतरताना कपाळ पुशीत म्हणाले, "कानिफनाथ, अशी सीट तालुक्यात कोणाकडे नाही. आता दौरा काढला की तुझीच गाडी."

एवढे बोलून ते गेले. ते वाक्य त्यांच्या स्मरणात संध्याकाळपर्यंत तरी टिकले असेल काय, याची मला दाट शंका आहे. पण कानिफनाथाच्या मनात ते खिळ्यासारखे रुतले. चौथ्या दिवशी त्याने नगरहून तांबड्या मखमलीची खोळ शिवून आणली. तिला सोनेरी झालर होती. ती मागच्या सीटवर चढवली, तिच्यावर पांढरी चादर अंथरली, पुढच्या सीटवरच्या मधल्या जागेत साहेबांसाठी पाण्याचा माठ ठेवला, आणि सकाळी टोळी दारापाशी आली तेव्हा हात आडवा केला.

"आजपासनं मागं हौद्यात बसा. साहेबाचा काय नेम सांगावा, कवाबी येत्याल."

आता येथे माझा युक्तिवाद नीट ऐका. कानिफनाथ लबाड होता म्हणून रागावणे सोपे झाले असते. तो लबाड नव्हता. मोठ्या माणसाच्या एका बोलण्याला त्याने हाताखालच्या सहा माणसांहून अधिक किंमत दिली, आणि हे त्याला पाप वाटले नाही, मान वाटला. त्याहून संताप येतो तो टोळीचा. एकाने तरी विचारावे, की रिकाम्या सीटवर बसले तर काय बिघडते? कोणी विचारले नाही. उलट त्या सीटला 'आबासाहेबांची सीट' हे नाव टोळीनेच पाडले. जी गोजरबाई चालत्या गाडीत यारीच्या लोखंडाला दोन्ही हातांनी मिठी मारून बसे, तीच रोज सकाळी त्या चादरीवरची धूळ आपल्या पदराने झटके आणि म्हणे, "आपल्या मातीच्या कपड्यांनी मळंल की वं. ठेवनीतली जागा हाय ती." माझ्या आत चार माणसांची जागा रिकामी, आणि माझ्या पाठीवर माणसे लोखंडाला चिकटलेली. कोणत्याही गाडीचा यापेक्षा मोठा अपमान मला ठाऊक नाही.

रंगुबाई हौद्यात चढली नाही. टोळीचा मुक्काम वस्तीवर होता आणि विहीर सात मैलांवर. पहिल्या दिवशी ती चालत आली, तेव्हा ऊन चढले होते आणि दोघे पुरुष तिच्यावाचून तळात उतरायला तयार नसल्यामुळे काम थांबले होते. दुसऱ्या दिवशी तेच. तीन आठवडे ती माझ्या चाकांची धूळ खात सात मैल येत होती. त्या तीन आठवड्यांत आबासाहेबांचा निरोपसुद्धा आला नाही. शेवटी कानिफनाथ तिला म्हणाला, "वयनी, उद्या वक्ताला यारीपाशी न्हाई आला, तर मला दुसरी बाई बगावी लागंल. गावाला पानी पायजे."

तिच्या पोटाला दुसरे काम नव्हते, आणि हौद्यात चढण्याइतके काळीज उरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोळी सामान भरीत असताना रंगुबाईने माझे मागचे दार उघडले, पांढरी चादर घडी घालून बाजूला ठेवली, मखमलीवर बसली आणि दार लावून घेतले.

कानिफनाथ धावत आला. "वयनी, उतरा खाली."

"न्हाई उतरनार."

"ती साहेबाची सीट हाय."

"साहेब हायेत का आत?" तिने शेजारची जागा चाचपून दाखवली. "मला तर कोन दिसंना."

"मंग बसा. गाडी हलायची न्हाई."

तो समोरच्या दगडावर जाऊन बसला. ती आत बसून राहिली. ऊन तापले. विहिरीच्या गावचा एक माणूस सायकलवर आला. तळाला ओल लागली आहे, सारे गाव हंडे घेऊन काठावर उभे आहे, असे सांगून गेला. तरी कोणी हलेना. मला वाटले, ही माणसे जागीच सुकून जातील, पण त्या मखमलीला हात लावणार नाहीत.

मग गोजरबाई उठली. दारापाशी आली. तिने पायांतल्या वहाणा काढून बाहेर ठेवल्या, जणू देवळात चालली आहे, आणि आत चढून रंगुबाईजवळ बसली. तिच्या धैर्याला मी नमस्कार करतो. त्या काढलेल्या वहाणा मात्र मला आजही बोचतात.

"मावशे, तू बी?" कानिफनाथ म्हणाला.

"माझे गुडघे ऱ्हायले न्हाईत, बाबा. तुझ्या साहेबाला सांग, म्हातारीनं गरम करून ठिवली हाय जागा."

बाकीची माणसे एकामागून एक आत आली. आसाराम स्टेअरिंगवर बसला आणि त्याने शेजारचे दार आतून उघडले. "मुकादम, पुढं बसा."

"माझी गाडी हाय. कुटं बसायचं ते माझं मी बगन," असे म्हणून कानिफनाथ रागारागाने हौद्यात चढला आणि यारीच्या लोखंडावर जाऊन बसला.

आसारामने मला जितके हळू नेता येईल तितके हळू नेले. मी खोटे बोलणार नाही. ओढ्याच्या उतारावर माझ्या मनात एक दुष्ट विचार आला होता. पण माणूस पाडणे हे माझ्या जातीचे काम नव्हे. विहिरीपाशी पोहोचलो, सगळे उतरले, कानिफनाथ मात्र उतरला नाही. त्याचे तोंड पांढरे पडले होते आणि यारीच्या पायाभोवती आवळलेली त्याची बोटे सुटत नव्हती. रंगुबाई हौद्याच्या कडेशी गेली. खाली उभी राहूनच हात वर करून तिने त्याचे एकेक बोट उलगडले.

"भावजी," ती म्हणाली, "त्येंची बी बोटं अशीच मिटल्याली हुती. शेवटची अंगुळ घालताना मीच सोडवली."

त्याने मान खाली घातली. त्या दिवशी विहिरीला पाणी लागले.

आता तुम्ही म्हणाल, त्याला उमगले असेल. मलाही तसेच वाटले होते. पण लाज वाटलेला माणूस सुधारतोच असे नाही. पुष्कळदा तो आपल्याला लाजवणारी वस्तू नजरेआड करतो. आठ दिवसांत कानिफनाथाने मला विकून टाकले. टोळी पांगली. नागापूरच्या नव्या औद्योगिक वसाहतीतल्या एका खडीच्या ठेकेदाराने मला घेतले आणि पहिल्याच दिवशी कामगारांकडून, गॅसच्या ज्वाळेने, माझी मागची केबिन कापून काढली. दोन दारे, छप्पर, सीट, सारे भंगारात गेले. हौदा तेवढा लांब झाला. पाहणाऱ्यांनी ठेकेदाराचे कौतुक केले, की आता गाडी कामाची झाली.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात मी दुष्काळी कामाच्या रस्त्यावर खडी वाहत होतो. एका दुपारी खडी फोडणाऱ्या बायांना पुढच्या ढिगापर्यंत न्यायचे होते. ठेकेदाराचा माणूस ओरडला, "चढा गं वर, खडीवर बसा." त्या बायांत रंगुबाई होती. तिने मला ओळखले. जेथे दार होते तेथे आता ज्वाळेने वितळून थिजलेली कड आहे. तिच्यावरून तिने हात फिरवला. मग घमेले डोक्यावर घेऊन ती चालू लागली. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "ए बये, खाडा मांडीन." ती थांबली नाही. आधी एक बाई तिच्या मागून निघाली, मग तिघी, मग सगळ्या. रस्ता अरुंद होता. पुढे त्या चालत होत्या, आणि मी पहिल्या गेअरमध्ये, भरल्या खडीनिशी, त्यांच्या मागे घरघरत होतो.

मित्रांनो, मला पुसू नका, रंगवू नका, दसऱ्याला झेंडूची माळ घालू नका. गाडी घ्यायला जाल तेव्हा दलाल तुम्हाला ती किती ओझे ओढते ते सांगेल. त्याला पुरते बोलू द्या. मग एवढेच विचारा, की ते ओझे भरणारे माणूस कुठे बसणार. तो हसला, तर पुढच्या गाडीकडे चला. आणि ज्या दिवशी तुमच्या गाडीतली जागा रिकामी असेल आणि माणूस बाहेर असेल, त्या दिवशी कोणाची परवानगी मागत बसू नका. दार उघडा, आणि त्याला सांगा, वहाणा पायातच असू दे.