कार्डाची मागची बाजू

"दाबा आता," अंबरीश म्हणाला. "फार विचार करू नका, पुंडलिकराव. तुम्ही विचार करायला लागलात की मला धडकी भरते."

पुंडलिकने एका बोटाने बटण दाबलं. पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी भराभर वर सरकल्या आणि थांबल्या. मांडीवरच्या कार्डावर त्याने पेन्सिलने बरोबरची खूण केली. सदतिसावी. अजून तीन राहिल्या होत्या.

अठ्ठ्याण्णव सालच्या डिसेंबरातला रविवार होता. रोह्याला लागून असलेल्या अष्टमीत अंबरीश टिपणीसच्या घराच्या माडीवर दुपारचं ऊन टेबलापर्यंत आलं होतं आणि कुंडलिका नदीच्या पुलावरून जाणाऱ्या एस.टी.चा आवाज मधूनच खिडकीतून येत होता. अंबरीश धाटावला एका रसायनांच्या कारखान्यात इंजिनीयर होता. त्याच कारखान्याचं स्टोअर पुंडलिक ठाकूर एकतीस वर्षं सांभाळत होता. महिनाअखेरीला तो निवृत्त होणार होता. गेले पाच रविवार तो जिते या आपल्या गावाहून गाडी धरून रोह्याला येत होता, ते मात्र कारखान्याच्या कामासाठी नव्हे.

अंबरीश आणि त्याचे सात मित्र मिळून एक प्रोग्रॅम लिहीत होते. मित्र म्हणजे एक जर्मनीत, एक ब्राझीलमध्ये, बाकीचे कुठे कुठे. कुणी कुणाला पाहिलेलं नव्हतं. मुंबईला फोन जोडून, कॉम्प्युटरवरून एकमेकांना पत्रं पाठवून दीड वर्ष काम चाललं होतं. प्रोग्रॅम फुकट द्यायचा, तो कसा लिहिलाय तेही जगाला उघडं ठेवायचं, ज्याला सुधारता येईल त्याने सुधारावं, असा त्यांचा रिवाज. त्याचं नाव अंबरीशने ठेवलं होतं 'कोठार'. काम सोप्या शब्दांत सांगायचं तर स्टोअरकीपरचंच. कॉम्प्युटरवर एखादी वस्तू बसवायची तर तिच्याआधी दुसऱ्या चार लागतात. त्या शोधून आणायच्या, जागच्या जागी बसवायच्या आणि नको झाल्या की सगळ्या स्वच्छ काढून टाकायच्या.

"मला तपासायला असा माणूस पाहिजे, की ज्याला यातलं काही कळत नाही," असं अंबरीश पहिल्या दिवशी म्हणाला होता. पुंडलिकला ते लागलं नाही. या एका कामाला तरी आपण पुरेपूर लायक आहोत, असं वाटून त्याला हायसंच वाटलं होतं. कारखान्यात मात्र फोर्कलिफ्टवरचा जगन त्याला सोडत नव्हता. ठाकूर रिटायर व्हायच्या वयात बालवाडीत चाललाय, असं तो कॅन्टीनमध्ये सगळ्यांना सांगायचा.

पुंडलिक ही चाचणी आपल्याच पद्धतीने करत होता. काय आणायचं आणि कोणत्या क्रमाने काढायचं, ते अंबरीशने छापून दिलेल्या कागदावर होतंच. पण कार्डाशिवाय त्याचा हात चालत नसे. स्टोअरात प्रत्येक कप्प्याला एक कार्ड असतं, तशी त्याने या चाळीस वस्तूंची चाळीस कार्डं घरून करून आणली होती. पुढच्या बाजूला वस्तूचं नाव, अंबरीशकडून अक्षर अक्षर उतरवून घेतलेलं. मागच्या बाजूला, ती वस्तू कुणाकुणाला लागते ते.

ही मागची बाजू कारखान्याने शिकवली नव्हती. ती चौऱ्याऐंशी साली एका चुकीतून आली होती. एक जुना पंप भंगारात निघाला, तेव्हा त्याच्याबरोबर आलेला, गळती रोखणाऱ्या सीलांचा खोकाही पुंडलिकने भंगारात दिला. खोक्यावर त्या पंपाचंच नाव होतं. दोन महिन्यांनी दुसऱ्याच पंपाचं सील गेलं. त्याला तेच सील बसायचं. मुंबईहून माल येईपर्यंत दोन दिवस प्लांट बंद होता. वस्तू कुणाच्या नावाने आली ते ठाकूरने पाहिलं, कुणाला लागते ते पाहिलं नाही, एवढंच मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाले. आवाजसुद्धा चढवला नाही. त्या आठवड्यात घरी बायकोला, इंदुबाईला, त्याच्या ताटात भात तसाच उरलेला दिसायचा. मग एका रविवारी तो एकटाच स्टोअरात गेला आणि अडीच हजार कार्डांच्या मागे नावं लिहायला बसला. ते काम चार महिने चाललं होतं.

चाळिसावी खूण झाली तेव्हा साडेचार वाजले होते. अंबरीशने आळस दिला, हसला, आणि सगळं झालं म्हणाला. पाच वाजता तो फोन जोडून 'कोठार' जर्मनीला पाठवणार होता. तिथला मित्र सोमवारी तो एका सीडीवर घालणार होता, आणि ती सीडी देशोदेशी जाणार होती. ही हुकली तर पुढची वर्षाने. अंबरीशचे दीड वर्षातले सगळे रविवार या एका फोनवर येऊन ठेपले होते.

पुंडलिकने कार्डांना रबर लावलं, नमस्कार केला आणि जिना उतरायला लागला. दोन पायऱ्या उतरून थांबला. कार्डांच्या मागे पाहताना दुपारीच त्याच्या मनात काहीतरी टोचलं होतं. पण समोर इंजिनीयर, त्याच्यामागे सात देशांतली शिकलेली माणसं, आणि आपण अकरावी नापास. गाडी सव्वापाचला होती. आपलं काही चुकत असणार, असं त्याने स्वतःला सांगून पाहिलं. त्याला ताटातला भात आठवला. तो परत वर आला.

"साहेब, एक इचारू? चूक माझीच आसंल."

"बोला ना."

"आपून शेवटी आनलेलं पयलं काढतो. चाळीसच्या चाळीस येळा तसंच. स्टोअरात कुनी असं करत नाय. ज्याला जे नको झालं, ते तो परत आनून टाकतो."

"मग?"

"पयलं आनलेलं पयलं काढून बगायचं का?"

अंबरीशचा हात टेलिफोनवर होता. तो चिडला नाही. पण त्याचा आवाज शाळेतल्या मास्तरांसारखा झाला. "पुंडलिकराव, ही चाचणी सात जणांनी केली आहे. त्यातले दोघं विद्यापीठात शिकवतात."

"व्हय. म्हनूनच म्हनलं, चूक माझी आसंल," पुंडलिक म्हणाला, आणि खुर्चीवर बसला.

तो बसलाय म्हटल्यावर अंबरीशला फोन ठेवावा लागला. पुंडलिकने रबर काढून दोन कार्डं निवडली. आधी चित्रं बघायचा प्रोग्रॅम आणला. त्याच्यासोबत चित्र उलगडणारं एक लहानसं सामानही आलं. मग चित्रं छापायचा प्रोग्रॅम आणला. त्यालाही तेच सामान लागत होतं. ते आधीच होतं, म्हणून पुन्हा आलं नाही. आता त्याने पहिला प्रोग्रॅम काढला. 'कोठार'ने तो काढला, त्याच्यासोबत आलेलं सामानही काढलं, आणि काम पूर्ण झाल्याचं कळवलं.

"झालं समाधान?" अंबरीश म्हणाला.

"आता छापायचा चालू करा."

अंबरीशने बटण दाबलं. पडद्यावर एकच ओळ आली आणि प्रोग्रॅम बंद पडला. त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा तीच ओळ. पुंडलिकने त्या लहानशा सामानाचं कार्ड उलटं करून टेबलावर ठेवलं. मागे पेन्सिलने दोन नावं लिहिलेली होती.

"हजारो लोकांच्या मशीनवर गेलं असतं हे," अंबरीश हळूच म्हणाला. मग त्याने विचारलं, "ही मागची बाजू तुम्हाला कुणी शिकवली?"

"एका पंपानं," पुंडलिक म्हणाला.

त्या संध्याकाळी जर्मनीला प्रोग्रॅम गेला नाही, एक दिवस थांबा अशी विनंती गेली. अंबरीशने सोमवारी रजा टाकली. 'कोठार'मधल्या प्रत्येक वस्तूच्या मागे, ती कुणाकुणाला लागते त्याची यादी त्याने लावली. यादीत एक जरी नाव उरलं तरी वस्तू हलवायची नाही. सोमवारी कामावरून सुटल्यावर पुंडलिक परस्पर अष्टमीला गेला आणि चाळीस वस्तू त्याने उलट्यासुलट्या, मनाला येईल तशा काढून पाहिल्या. मागे उरलेली एकही बंद पडली नाही. अंबरीशने फोन जोडला, तेव्हा तो शेजारी उभा होता. जर्मनीहून उत्तर आलं, त्यात चूक कुणाला सापडली असं विचारलं होतं. आमच्या स्टोअरकीपरला, असं अंबरीशने कळवलं, आणि पुंडलिककडून ऐकलेली पंपाची गोष्टही खाली लिहिली.

एकतीस तारखेला कारखान्यात पुंडलिकला शाल आणि स्टीलची परात मिळाली. दोन भाषणं झाली. दोन्हींत तो वक्तशीर असल्याचं सांगितलं गेलं, आणि ते खरंच होतं. नव्या वर्षापासून स्टोअरचा कारभार कॉम्प्युटरवर जाणार होता. ती व्यवस्था बसवायला आलेल्या माणसाला पुंडलिकने भीत भीत विचारलं होतं, की कार्डाच्या मागचं कुठे लिहायचं. तशी जागा यात नाही, असं तो म्हणाला. दुपारी अडीच हजार कार्डं हातगाडीवरून भंगारात निघाली. हातगाडी ओढायला जगनच होता. त्याने या खेपेला थट्टा केली नाही. फाटकाशी थांबून, एखादं ठेवतोस का, असं त्याने विचारलं. पुंडलिकने सगळ्यात वरचं कार्ड उचललं, सवयीने उलटून पाहिलं, आणि परत होतं तिथे ठेवलं.

निघताना अंबरीशने त्याला एक छापलेला कागद दिला. 'कोठार' जिथे जिथे जाईल तिथे तिथे हा कागद त्याच्या पोटात जाईल, असं तो म्हणाला. पुंडलिकने गाडीत तो उघडला नाही. परातीत ठेवला, वर शाल घातली, आणि जिते येईपर्यंत परात मांडीवर धरून बसला.

इंदुबाई ओटीवर सुकट निवडत होती. तिने हात पदराला पुसले, परात वाजवून पाहिली, जड हाय म्हणाली. मग कागद दिसला.

"ह्ये काय?"

"ज्यांनी काम केलं त्यांची नावं. इंग्रजीत हायत."

"तुमचं कंचं?"

त्याने दाखवलं. नऊ नावं होती, त्याचं चौथं. पुढे काम झालं त्या गावाचं नाव होतं, रोहा. तिने त्या ओळीवर बोट ठेवलं.

"आन् ही बाकीची कोन?"

"लांबची मानसं. मी बगितलेली नायत."

"त्यांना तुमी ठावं हाव?"

पुंडलिकने थोडा विचार केला. "मी नाय. माझी चूक ठावं हाय," तो म्हणाला. चौऱ्याऐंशी सालानंतर त्या चुकीचं नाव त्याने घरात पहिल्यांदाच काढलं होतं, आणि ते काढताना त्याचा आवाज खाली गेला नव्हता.

ते तिच्या ध्यानात आलं असावं. कुंपणाशी शेजारची गिरजाबाई येऊन उभी राहिली. सुकट झाली का गो निवडून, असं तिने विचारलं. इंदुबाईने मान वर करून तिला आत बोलावलं. कागदावरचं बोट मात्र तिने तसंच ठेवलं, चौथ्या ओळीवर, जागा चुकू नये म्हणून.