डोरीनचा भोंगा

मी एक जुना माइक आहे, मित्रांनो. जन्मभर दुसऱ्यांचा आवाज मोठा करत आलो, पण माझा स्वतःचा असा एक शब्दही कुणी कधी ऐकला नाही. आज पहिल्यांदाच बोलतोय, तेव्हा कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या एका कारखान्यात झाला. तिथे लांबच लांब टेबलांशी बायका बसत आणि भिंगातून बघत केसाहून बारीक तार गुंडाळत. माझ्या आत एक पडदा आहे, कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ. आवाज त्याच्यावर येऊन आपटला की तो थरथरतो आणि ती थरथर तारेतून पुढे जाते. माझी सगळी विद्या एवढीच. आलेला आवाज पुढे पाठवायचा. तो चांगला की वाईट, खरा की ओढूनताणून आणलेला, हे मला कळतं, पण सांगता येत नाही.

टोलीडो शहरातल्या वाद्यांच्या एका दुकानातून मला डोरीन पाव्लाकनं विकत घेतलं. ती तेव्हा विशीत होती. तिच्या बँडचं नाव टिन रूस्टर्स, म्हणजे पत्र्याचे कोंबडे. ती गायची आणि तिचा शाळेपासूनचा मित्र गस गिटार वाजवायचा. पहिल्याच दिवशी गसनं मला तोंडाशी धरून आरडाओरडा करायला सुरुवात केली. डोरीननं मला त्याच्या हातातून हिसकावून घेतलं.

"थोबाड लांब ठेव. कांदा खाऊन आलायस तू."

"बघा, आत्तापासून राणीसाहेबांचे नखरे."

"नखरे नाहीत. यात फक्त मी गाणार."

तेव्हापासून मी तिचाच झालो. मोठमोठ्या सभागृहांत चकचकीत माइक तयार असायचे, पण ती आपल्या पिशवीतून लोकरीचा मोजा काढायची आणि त्यातून मला. तिच्या दातांचा धक्का बसून माझ्या जाळीला पोचा पडला, तोही तिनं कधी दुरुस्त करू दिला नाही. मला त्या पोच्याचा अभिमान वाटायचा.

तिचे वडील काचेच्या कारखान्यात भट्टीवर होते. पाळी सुटली की कारखान्याचा भोंगा वाजायचा आणि पाव्लाकांच्या घरात जेवणाची पानं मांडली जायची. वडील गेल्यावर डोरीननं त्यांच्यावर एक गाणं केलं. त्याच्या शेवटी शब्द नव्हतेच. ती फक्त एक स्वर वर वर चढवत न्यायची आणि तिथे धरून ठेवायची, अगदी त्या भोंग्यासारखा. टोलीडोत गाण्याचं नाव कुणी घेत नसे. "पोरी, भोंगा वाजव," एवढंच लोक ओरडायचे.

तो भोंगा जेव्हा माझ्या पडद्यावर यायचा, मित्रांनो, तेव्हा मला वाटायचं की आपण याच्यासाठीच जन्मलो. गाणं रेडिओवर गेलं, मग देशभर गेलं. आम्ही गाडीतून गावोगाव हिंडलो. हजारो माणसं शेवटच्या कडव्याला श्वास रोखून उभी राहायची. किती सुखाची वर्षं होती ती.

मग एका हिवाळ्यात मला तिच्या आवाजात एक बारीक खरखर ऐकू आली. दाराची बिजागरी कुरकुरते ना, तेवढीच. गसला कळली नाही, तिलाही कळली नसावी. मला कळली, कारण माझ्याइतकं तिच्या गळ्याच्या जवळ दुसरं कुणी नव्हतं. मी काय करणार? मी ती खरखरसुद्धा मोठी करून लोकांना ऐकवली. लोकांना ती फारच आवडली. आवाजाला काय धार आलीय, अनुभव मुरलाय, असं वर्तमानपत्रवाल्यांनी लिहिलं. तिचा गळा जितका चिरत गेला तितकी वाहवा वाढत गेली. ती हसून आभार मानायची आणि गाडीत बसल्यावर गळ्याभोवती गरम कपडा गुंडाळायची.

मग ते गसच्याही लक्षात आलं. त्यानं गुपचूप गिटारच्या तारा अर्ध्या सुरानं उतरवल्या, म्हणजे तिला तेवढं कमी चढावं लागेल.

"तारा ढिल्या का लागतायत रे आज?" तिनं विचारलं.

"हवा दमट आहे."

पुढच्या वर्षी हवा आणखी अर्ध्या सुरानं दमट झाली. तिनं पुन्हा विचारलं नाही.

क्लीव्हलँडच्या कार्यक्रमात तिला सर्दी झाली होती. भोंग्याची वेळ आली, तिनं तोंड उघडलं आणि आवाज येणार नाही हे तिला आतूनच समजलं. घाबरून तिनं हात लांब केला आणि मला लोकांसमोर धरलं. सगळं सभागृह एका आवाजात भोंगा गायला लागलं. लोकांना वाटलं, हा आपला मान आहे. कितीतरी जण रडत होते. गस तर नाचतच रंगमंचामागे आला.

"बाई, काय सुचलं तुला. आजपासून हे असंच करायचं."

आणि तसंच सुरू झालं. सर्दी गेली, पण माझं लोकांकडे वळणं राहिलं. टोलीडोची माणसं तर घरून सराव करून यायची. तिचा भोंगा लोकांनी वाटून घेतला आणि त्यामागचा तिचा रिकामा गळा कुणाला दिसलाच नाही.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं की स्वरतंतूंवर गाठ आलीय, सहा महिने एक शब्दही बोलायचा नाही, मग छोटी शस्त्रक्रिया करू, आवाज वाचेल. "या उन्हाळ्याच्या जत्रा उरकून घेते," ती म्हणाली. पुढच्या उन्हाळ्यातही तेच म्हणाली. मोठी सभागृहं आता बोलवत नव्हती. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, जत्राच काय त्या उरल्या होत्या आणि बँडमधल्या सगळ्यांची चूल त्यांच्यावर पेटत होती. मोज्यात पडल्या पडल्या मी हे सगळं ऐकायचो.

जत्रेत पाळणे असतात, गुरांची प्रदर्शनं असतात. गाण्याला येणारी माणसं थोडी, आणि त्यांच्या तोंडात कणसं. त्यांचा भोंगा फारच बारीक यायला लागला. तेव्हा आवाजाचं यंत्र सांभाळणाऱ्या व्हर्ननं तोडगा काढला.

"तू माइक लोकांकडे वळवलास की मी तो बंद करतो आणि तुझं जुनं रेकॉर्डिंग लावतो. लोकांच्या आवाजात मिसळून कसं दणदणीत वाटेल."

"ही फसवणूक नाही का रे?"

"कसली फसवणूक? आवाज तुझाच आहे ना?"

पुढच्याच जत्रेत तसं झालं. म्हणजे आता भोंग्याच्या वेळी मी हातात असायचो, पण बंद.

डोरीनची आई हेलन चौऱ्याऐंशीची होती. गुडघे गेले होते म्हणून जत्रांना येत नसे, व्हर्नच्या तोडग्याचा तिला पत्ता नव्हता. कान मात्र शाबूत होते. त्या वर्षी टोलीडोजवळच्याच जत्रेत कार्यक्रम होता. सकाळी म्हातारी स्वयंपाकघरात बसून पिअरोगी, म्हणजे पोलंडकडच्या करंज्या, वळत होती. मी टेबलावरच होतो.

"तो शेवटचा भोंगा तू लोकांच्या गळ्यात का मारतेस गं?" म्हातारीनं विचारलं.

"लोकांना आवडतं, आई."

"लोकांना काय, काहीही आवडतं. तो भोंगा तुझ्या बापाचा आहे. तो तू वाजवायचास. मी पुढच्या वर्षी असेन नसेन."

"असं काय बोलतेस?"

"मग काय बोलू? यंदा तू वाजव. वाकडा का होईना, पण तुझा."

डोरीन उठली. गळ्यावरून हात फिरवत तिनं मला मोज्यात घातलं.

जत्रेत भर दुपारचं ऊन होतं. म्हातारीची चाकाची खुर्ची अगदी पुढे ठेवली होती. शेवटचं गाणं आलं, शेवटचं कडवं आलं आणि सवयीनं डोरीनचा हात लांब झाला. मी लोकांकडे वळलो. तेवढ्यात तिला समोर आई दिसली. तिनं हात मागे घेतला, मला ओठांशी लावलं आणि गायला लागली.

मित्रांनो, ती खरंच गायली. स्वर फाटका होता, रक्ताळलेला होता, पण तो चढला. जिथे चढायचा तिथे चढला आणि तिनं तो धरून ठेवला. माझा पडदा फाटेल की काय असं मला वाटलं. मी तो स्वर जिवाच्या आकांतानं तारेतून पुढे ढकलला. पण माझं तोंड लोकांकडे वळलेलं दिसताच व्हर्ननं नेहमीसारखा खटका पाडला होता आणि मान खाली घालून तो यंत्राकडे बघत होता. कर्ण्यांतून जुनं रेकॉर्डिंग वाजत होतं, गोड आणि गुळगुळीत. कर्ण्यांची तोंडं लोकांकडे होती, आपल्याच स्वरात बुडालेल्या डोरीनला ते कळलं नाही. तिचा खरा स्वर माझ्यापाशीच थांबला. शेवटाला तिच्या गळ्यात काहीतरी तटकन तुटलं, तेही मलाच कळलं.

ती घामानं निथळत खाली उतरली आणि आईच्या खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसली. तिचा चेहरा किती उजळला होता म्हणून सांगू. म्हातारीनं मात्र मान फिरवली.

"लोकांकडे माइक धरायचीस ते परवडलं," ती म्हणाली. "आज तर नुसतं तोंड हलवत होतीस. तुझा तिशीतला आवाज मला ओळखता येत नाही असं वाटलं होय तुला?"

डोरीननं बोलायला तोंड उघडलं. नुसती हवा आली. तिनं पुन्हा उघडलं. मग तिनं आधी आपल्या गळ्याला हात लावला, मग मला उचलून आईसमोर धरलं, पुन्हा गळ्याला हात लावला. तू सांग, तूच सांग असं ती जणू मला म्हणत होती. त्या घटकेला तिच्याखेरीज खरं ठाऊक असलेला दुनियेत मी एकटा होतो आणि माझी तार कधीच काढून ठेवली होती.

"बरं बरं," म्हातारी तिचा हात थोपटत म्हणाली. "दमलीस तू. राहू दे."

डोरीनचा आवाज परत आला नाही. नंतर व्हर्नकडून खटक्याचं कळल्यावर गसनं म्हातारीला सगळं सांगितलं, तेव्हा ती समजूतदारपणे हसली. लेकीची बाजू घेणाऱ्या मित्राकडे बघून हसतात तशी. त्याच हिवाळ्यात ती गेली.

आता मी खिडकीच्या फळीवर असतो. डोरीन कधीतरी माझ्या जाळीवरची धूळ पुसते. मला दुसरं काही मागायचं नाही. मित्रांनो, तुम्हाला तोंड आहे, म्हणून तुम्हाला एक विनवणी करतो. कुणाचा आवाज खरखरताना ऐकलात तर टाळ्या वाजवायच्या आधी जवळ जा आणि विचारा, दुखतंय का तुला? मला एवढंच विचारायचं होतं, पहिल्या हिवाळ्यापासून.